साळ्याची गाठ

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या कमरपट्ट्यावर, सुतळीच्या वेढ्यांखाली, मी एक लोखंडी कडं लपवलं होतं. त्यांचा जीव वाचावा म्हणून लपवलं होतं, हे खरं आहे. पण हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यात आता काही ऊब उरलेली नाही. त्या कड्यापायी ते मेले असते. ते वाचले, आणि मग दोष भलत्याच माणसाच्या पदरात पडला. तो मी तिथेच राहू दिला.

ते कडं काय होतं हे समजायला आधी कवडूभाऊजी समजायला हवेत. ते सोपं नाही, कारण त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतक्या खोल पाण्यात जाणाराही पाहिला नाही.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव, चामोर्शीच्या पुढे. त्या काळी वरच्या जंगलातलं सागवान बांबूंना बांधून नदीतून खाली सोडत. पुरात ते तराफे फुटत आणि ओलं सागवान दगडासारखं डोहात बसे. पावसाळा सरला की ठेकेदाराची माणसं ती लाकडं काढायला येत. डोहाच्या तळाशी जाऊन लाकडाला साखळीचा आकडा अडकवायचा, वर यायचं, मग काठावरून बैलजोड्या ते लाकूड ओढून काढत. आकडा अडकवायला जायचे ते कवडूभाऊजी. नळी नाही, टोप नाही. छातीत मावेल तेवढा श्वास, कमरेला चामड्याचा पट्टा, गळ्यात दोरीने बांधलेला चाकू आणि पट्ट्याला अडकवलेला दोर. दोराचं दुसरं टोक डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, बसलेल्या माणसाच्या हातात.

पट्ट्याला दोर अडकवायचा तो चाप. भाऊजींचा सगळा जीव त्या चापात होता. नवा चाप घ्यायचा म्हणून ते एकदा मला चांद्याच्या बाजारात घेऊन गेले. टांग्याचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरले आणि दुकानदाराला म्हणाले,

"शेठ, एक बालटी पाणी द्या."

"प्यायले?"

"नाई. हात बुडवाले."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. पाणी आलं. भाऊजींनी दुकानातले सगळे चाप बालटीत टाकले, बाही वर केली, हात कोपरापर्यंत बुडवला, डोळे गच्च मिटले आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. तसेच एकेक चाप हाताने शोधत, उघडत, मिटत बसले. हिवाळ्याचे दिवस होते. बराच वेळ गेला. बोटं निळी पडली तेव्हा म्हणाले, "आता खरी परीक्षा. आता हात माहा नाई राह्यला."

"घोडा कोन्ता हाय तुमचा?" दुकानदाराने विचारलं.

"मीच घोडा," भाऊजी म्हणाले. "पन माह्या घोड्याले पान्यात श्वास घेता येत नाई."

एक चकचकीत लोखंडी चाप त्यांनी पहिल्यांदा बाजूला काढला. "याची चांदी वरून हाय. आतली कमान लोखंडाची. एका पावसाळ्यात गंजन, आन् ज्या दिवशी उघडाले पायजे त्याच दिवशी रुसन." दुसरा होता तो नुसता दाबला की आत उघडणारा, ढोराच्या दाव्याला असतो तसा. तो मला आवडला होता, कारण लगेच लागायचा. भाऊजींनी त्याच्यावरून एक दोरी सहज घासली. चापाने ती आपोआप गिळली. "पाह्यलं का मास्तर? हा चोर हाय. कोनाचाबी दोर धरते. मी तळाशी लाकडाजवळून गेलो का साखळी बी धरन, येल बी धरन. मले न इचारता." शेवटी त्यांनी घेतला तो पितळेचा, जाड, अंगठ्याने खुंटी मागे ओढल्याशिवाय न उघडणारा. तो दाताखाली धरून पाहिला, कानाशी नेऊन वाजवून पाहिला, सांध्यावर नख फिरवून ओतताना कुठे बुडबुडा राहिला आहे का ते पाहिलं. "हा गुमान हाय," म्हणाले. "बोलावल्याबिगर येत नाई."

माझं नाव नामा, पण मला ते मास्तर म्हणत, कारण मी सातवी पास होऊन शाळेतल्या नोकरीची वाट बघत होतो. नोकरी यायची होती. तोवर त्यांचा दोर मी धरत असे.

दोर मीच धरायचा हे ठरलेलं होतं. भाऊजींच्या घराण्यात पाण्यात उतरणाऱ्याचा दोर साळ्याच्या हातात असे, बायकोच्या भावाच्या. सख्ख्या भावाच्याही नाही. ते सांगत, "भावाले वावराचा हिस्सा भेटते, मेल्यावर. साळ्याले काय भेटते? रडनारी बहीन भेटते. म्हून साळा दोर सोडत नाई." हे ते हसत सांगत, पण दुसरा नियम सांगताना हसत नसत. साळ्याने बांधलेली गाठ पाण्यात जाणाऱ्याने तपासायची नाही. चाप तपासावा, चाकू तपासावा, पट्टा तपासावा. साळ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. तो हात लावणं म्हणजे बायकोच्या माहेरावर शंका घेणं.

सगळ्या गोष्टी पाण्यात बुडवून, दातांनी चावून पाहणारा हा माणूस माझ्या गाठीकडे कधी पाहत नसे. मी बांधत असताना तो मुद्दाम आभाळाकडे बघे.

मी बांधायचो ती सुतळी. पट्टा आणि चाप यांच्यामध्ये भाऊजी कधी लोखंडी कडी घालू देत नसत. अंबाडीच्या सुतळीचे वेढे घालायचे, घट्ट, पण सुतळीचेच. कारण त्यांचं ब्रीदवाक्य होतं, "जे कापता येत नाई ते आंगाले बांधू नये." आणि माझी बहीण जवळपास असली की पुढे जोडत, "लगनाची गोष्ट येगळी." दोर कुठे अडकला आणि ताणामुळे चाप उघडेना, तर चाकूचा एक फटका सुतळीवर, की माणूस मोकळा. दोर जाड, पट्टा जाड. तळाशी ते कापत बसायला श्वास कुठला पुरणार? म्हणून सुतळी.

त्या चाकूला धार लावायचं काम माझ्या बहिणीचं. मी तिला बाई म्हणतो, मोठी आहे म्हणून. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती अंगणातल्या दगडावर पाणी शिंपडून चाकू घासत बसे. धार अंगठ्याच्या नखावर बघे. मग चाकू भाऊजींच्या गळ्यात स्वतः घाली. त्या वेळी त्यांचे पाय कापत असत. मी हे नेहमी पाहिलं आहे. भाऊजी चुलीपाशी बसून पाय दाबून धरत आणि म्हणत, "आज मन नाई होऊन राह्यलं."

"मंग जाऊ नोका जी," बाई म्हणे.

"जातो. भेव वाटून राह्यलं म्हून जातो. ज्या दिवशी भेव नाई वाटन त्या दिवशी मले घरात कोंडून ठेव."

गावातले लोक त्यांची चेष्टा करत. कोणी विचारे, "काऊन गा कवडू, डोहात साती आसरा दिसते का तुले?" ते म्हणत, "आसरा दिसल्या तं बोलता येते बाप्पा. हात जोडता येते. गुतलेला दोर बोलत नाई."

आता ते कडं.

एकदा उथळ पाण्यात लाकूड काढताना भाऊजींनी मला ओढायची खूण केली. मी ओढलं, आणि दोर एकदम हलका झाला. सुतळी जुनी झाली होती. ती तुटली होती. भाऊजी थोड्याच अंतरावर वर आले, खोकले, हसले. काही झालं नव्हतं. पण त्याआधी माझ्या हातात जो दोर सरसर वर आला, रिकामा, पाणी निथळत, टोकाला कोणी नसलेला, तो मी विसरू शकलो नाही. ताटात भात वाढला की मला तो दोर दिसे. रिकाम्या दोराला वजन नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाई समोरून गेली की मी तिच्या कपाळाकडे बघायचो आणि मान खाली घालायचो.

नवी सुतळी घातली. तरी भीती जाईना. भाऊजींना म्हटलं, "मधात एखादी कडी घालू का भाऊजी? मजबूत होईन."

"मजबूत कोनासाठी? तुह्यासाठी का माह्यासाठी?"

ते बरोबर बोलले होते आणि मला ते कळलं नाही. सुतळी त्यांच्यासाठी होती. मजबुती मला हवी होती, डोंग्यात बसलेल्याला.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीच्या जुन्या साखळीतलं एक कडं घेतलं, दगडाने वाकवून पट्ट्याच्या आणि चापाच्या मध्ये बसवलं, तोंड ठोकून मिटवलं आणि वरून सुतळीचे वेढे असे घातले की लोखंडाचा कणही दिसू नये. सुतळी तुटली तरी कडं धरून ठेवील. मी त्यांना हरवणार नाही. मला आठवतं, ते करताना मला बरं वाटत होतं.

डोंग्यात भाऊजींनी पट्टा कमरेला बांधला. हात चुकून वेढ्यांना लागला.

"जाड केलं का गा?"

"नवी सुतळी हाय, भाऊजी."

त्यांनी हात लगेच काढून घेतला, जणू चुकून कोणाच्या पानात हात गेला होता. आभाळाकडे पाहिलं. चाप उघडून मिटून बघितला, चाकू चाचपला, आणि उतरले.

तो डोह खोल होता. पाणी वर हिरवं, खाली काळं. त्या दिवशीचं लाकूड एका खडकाला टेकून तिरकं बसलं होतं. भाऊजींनी आकडा अडकवला असावा, कारण साखळी हलली. मग पाण्यातून एक जड आवाज आला, पोटात ऐकू येतो तसा. लाकूड घरंगळलं होतं. माझ्या हातातला दोर खाली ओढला गेला आणि थांबला. मी ओढून पाहिलं. झाडाला बांधल्यासारखा ताठ. लाकूड दोरावर बसलं होतं, आणि दोराच्या पलीकडच्या टोकाला, लाकडापासून हातभर अंतरावर, भाऊजी होते.

काठावरचा मुकादम ओरडला, "कापन ना तो सुतळी. कापाले कितीक येळ लागते?"

बाकीचेही निश्चिंत होते. असं आधीही झालं होतं. एक फटका, आणि भाऊजी बुडबुड्यांसारखे वर येत.

तिथे मी एकटाच असा होतो की ज्याला माहीत होतं, तो फटका कशावर बसणार आहे.

मी ओरडलो नाही. उडी मारली नाही. मला तेवढं खोल जाता येत नव्हतं, पण म्हणून नव्हे. मी दोर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो आणि हात उघडत नव्हते. पाण्यावर बुडबुडे आले, मोठे, एकदम पुष्कळ. मग बारीक. मग नाही. काठावर कोणीतरी बोलायचं थांबलं, मग सगळेच थांबले. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या. मी पाण्याकडे बघत मनात एकच गोष्ट म्हणत होतो, ती लिहायची मला लाज वाटते. देवाचं नाव नव्हतं ते. मी म्हणत होतो, कडं कोणाला सापडू नये.

ते वर आले ते डोंग्यापासून दूर, उताणे. दोघांनी पोहत जाऊन वाळूवर आणलं. नाकातून, कानातून रक्त. डाव्या कमरेवर आडवी चिरलेली जखम. चामड्याचा पट्टाच त्यांनी कापला होता, आणि पट्ट्याबरोबर स्वतःला. पट्टा, चाप, कडं, सगळं खाली लाकडापाशी राहिलं; आकडा निसटला होता, आणि ते लाकूड पुढे कोणी काढलं नाही. चाकू मात्र गळ्यात होता.

पोटातलं पाणी काढलं. ते ओकले, डोळे उघडले. त्याच वेळी बाई दुपारची शिदोरी घेऊन नदीत उतरणाऱ्या पायवाटेने आली होती. गर्दी पाहून ती धावली नाही. टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिली.

मुकादम भाऊजींच्या तोंडाशी वाकला. "काऊन गा, सुतळी काऊन नाई कापली? मेला असता ना बे."

भाऊजींनी मान वळवली. मी डोंग्यातून उतरून गुडघाभर पाण्यात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तिथेच बोललो असतो, असं मला वाटतं. त्यांत भीती होती, रोज चुलीपाशी दिसायची तीच. पण या वेळी ती पाण्याची नव्हती. मला वाटतं, ती माझ्यासाठी होती.

"धार नोहोती," ते म्हणाले. "चाकूले धार नोहोती."

बाईने टोपली खाली ठेवली. तिने स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

काही दिवसांनी त्यांना उठता येऊ लागलं. मी गेलो तर ते घरामागे दगडावर चाकू घासत बसले होते. बाई पाण्याला गेली होती. चाकूच्या धारेत मधोमध एक खोल खाच पडली होती. सुतळीने किंवा चामड्याने अशी खाच पडत नाही. ती खाच नाहीशी व्हावी म्हणून ते अख्खं पातं झिजवत होते.

मी म्हटलं, "भाऊजी, मी..."

"बस खाली," ते म्हणाले. आवाज हळू होता; एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं होतं. "लोखंड होतं. मले हाताले लागलं. दुसऱ्यांदा मारलं तवा समजलं. मंग म्हटलं, नामाचंच काम हाय. भेवानं केलं असन."

"मी बाईले सांगतो."

"नोको सांगू. साळ्यानं गाठीत लोखंड घातलं असं गावात झालं, तं तुह्या हातात कोनी दावं बी देनार नाई. आन् तुह्या बाईले दुसरा भाऊ नाई. नवरा वाचला आन् माहेर गेलं, असं होईन तिचं. चाकूची धार लहान गोष्ट हाय. चार दिवसांत इसरते मानूस."

मी मान हलवली. मला सोय हवी होती, ती त्यांनी दिली. त्यांचा हिशोब प्रेमाचा होता आणि चुकीचा होता.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा डोहात उतरले. नवा पट्टा, बालटीत हात बुडवून निवडलेला नवा पितळी चाप. दोर माझ्याच हातात दिला. मी नको म्हणत होतो तर म्हणाले, "मंग कोनाच्या देऊ? साळा एकच हाय." मी सुतळीचे वेढे घालू लागलो तसे ते पूर्वीसारखेच आभाळाकडे पाहू लागले. त्यांचे पाय थरथरत होते, नेहमीपेक्षा जास्त. पण हात गाठीकडे गेला नाही. मी गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "कर ना मास्तर, पानी थंड होऊन राह्यलं," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मग माझी नोकरी आली, सिंदेवाहीच्या बाजूला. मी गेलो. नदीतून लाकूड सोडणं बंद झालं आणि भाऊजी तलावातली मासोळी धरू लागले. लहान मुलांना पोहायला शिकवत. काठावर बसवून आधी भ्यायला शिकवत. "पान्याले पाहून पोटात कसंसं होते का? होते ना? मंग ये आत."

आणि बाई धार लावत राहिली. माणूस चार दिवसांत विसरतो, असं भाऊजी म्हणाले होते. ती विसरली नाही. घरातला चाकू, कोयता, पावशी, शेजारणींची विळी, सगळं ती घासायची. प्रत्येक पातं नखावर बघायची, मग पुन्हा घासायची. मी सणाला जायचो, तेव्हा सकाळी तो दगडाचा आवाज ऐकून जाग यायची. भाऊजी खाटेवर पडून तो ऐकत असायचे. आमची नजरानजर व्हायची आणि दोघेही उठून कामाला लागायचो. एकदा ते मला म्हणाले, "नामा, हे माह्यानं चुकलं का गा?" मी म्हटलं, आता सांगू या. ते म्हणाले, "सांगू." पण दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. इतकी वर्षं गेल्यावर सांगायला पाण्यात उतरण्याहून जास्त भीती वाटते, हे त्यांनाही कळलं होतं.

ते साध्या तापाने गेले, खाटेवर, कोरड्या अंगाने. तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तोच आवाज ऐकू आला. बाई अंगणात भाऊजींचा चाकू घासत बसली होती. पातं झिजून बोटाएवढं उरलं होतं. आता तो कोणाच्या गळ्यात घालायचा नव्हता.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बाई, थांब जरा."

"झालंच," ती म्हणाली. "एका बाजूनं राह्यली हाय." मग घासता घासताच बोलली, "त्या दिवशी म्या नखावर पाह्यली होती रे धार. मले आठवते. पन आठवते का मीच मनाले समजावते, ते समजत नाई."

मी तिचा हात धरला. दगडाचं पाणी आमच्या दोघांच्या हातांवरून ओघळलं. सगळं सांगितलं. कडं, ते कुठून आणलं, कसं वाकवलं, वर सुतळी कशी घातली. डोंग्यात मी काय म्हणत बसलो होतो, तेही.

तिने हात सोडवून घेतला. मग विचारलं,

"त्याईले मालूम होतं?"

"होतं."

"तुमी दोघंबी मले पाहात होते. रोज." तिने चाकू दगडावर ठेवला. आवाज चढला नाही. "मी याईच्या गळ्यात हा चाकू घालत होती नामा. दर येळी वाटे, आज आपल्या हातानं जाईन हा मानूस."

तिने चाकू उचलून नखावर धरला, सवयीने, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला भाऊजींसारखं आभाळाकडे बघावंसं वाटलं. मी बघितलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "धार होती. तुह्या हातची धार चांगली होती. लोखंड म्या घातलं, आन् गप्प बी मीच राह्यलो. मले माफ कर."